शून्य लिहिलेलं झाड

लिस्बनच्या दक्षिणेला, आमच्या आलेन्तेझूत,
उन्हाळा दगडांनाही घेरी आणतो.
त्याच दिवसांत कॉर्कच्या ओकांना सोलतात,
नऊ वर्षांतून एकदा,
आणि उघड्या लाल बुंध्यावर पांढऱ्या रंगानं
शेवटचा आकडा घालतात.
साल काढायची, साल लिहायचं.

माझा बाप बेल्मीरु. कुऱ्हाडीला त्याच्यासारखा हात नव्हता.
घाव असा की साल चिरावी
आणि आतल्या ओल्या थराला ओरखडा नको.
त्या थराला आमच्याकडे आई म्हणतात.
'आईला लागलं तर झाड जन्मभर विसरत नाही,'
नव्या पोरांना तो सांगायचा,
हळू, जवळजवळ मायेनं.

१९८४. विहिरीजवळच्या ओकावर ४.
संध्याकाळी चढणीवर मोटरसायकलचा आवाज बदलायचा
आणि कुत्रा बाकाखाली जायचा.
मी कुत्र्याकडे बघून शिकले.
पट्टा नव्हे, पट्ट्याचं बक्कल.
कारणं? मीठ सांडलं. हसले. हसले नाही.
आई पाठमोरी, कोथिंबीर-लसूण कुटत.
लसूण केव्हाच वाटून झालेला असायचा,
तरी खलबत्ता थांबायचा नाही.
कॉर्कच्या गावात
तोंडाला मारायला बुचांचा काय तोटा.

गाव म्हणायचं, बेल्मीरु सोन्यासारखा माणूस,
रागात हात सुटतो एवढंच.
हात सुटतो.
जणू हात म्हणजे दावं तोडून पळालेलं खेचर,
आणि तो बिचारा त्याच्या मागे धावतोय.

१९९३. झाडावर ३.
रंग वाळायच्या आत मी एव्होराची बस धरली.
बेकरीत रात्रपाळी, कारण रात्री जागीच असायचे.
२००२. २.
दिनिशनं कधी आवाज चढवला नाही,
पण वाऱ्यानं दार आपटलं तरी
मी त्याच्या कमरेकडे बघायचे.
किती दिवस कुणी तसं बघून घेईल.

२०११. १.
डॉक्टर फिलोमेना विचारायच्या, तेव्हा वय काय होतं?
मी म्हणायचे, झाडावर चार होता.
'झाडाचं नको, तुमचं सांगा.'
दोन हिवाळे गेले त्यात.
नऊ. मी नऊ वर्षांची होते.
आणि मग एका मंगळवारी, भलतंच काही बोलताना,
जीभ मध्येच अडली:
त्याला माहीत होतं.
किती खोल मारायचं, कुठे थांबायचं,
हे सबंध जिल्ह्यात त्याच्याइतकं
कुणालाच माहीत नव्हतं.
हात सुटत नव्हता.
तो सोडत होता.

त्या रात्री मी अकरा तास झोपले.
ओझं हलकं झालं नव्हतं,
फक्त ज्याचं होतं त्याच्या दारात ठेवून आले होते.

२०२०. ०.
आता तो वृद्धाश्रमात. बोटं थरथरतात, बटणं लागत नाहीत.
'लहानपणी तू फार गुणी होतीस,' म्हणतो,
'घरात आहेस हे कळायचंसुद्धा नाही.'
मी बटणं लावते. गळ्याचं सोडून.
पाद्री जिन्यात गाठतात, माफ केलंत ना?
मी म्हणते, संत्री आणलीत.

लोक समजावतात, बघ, साल परत येते,
पहिल्यापेक्षा मऊ, पहिल्यापेक्षा महाग.
मी मान डोलावते.
पण मी झाड नाही.
माझी साल कुणाच्या बाटलीसाठी नव्हती.

काल विहिरीकडे गेले होते.
शून्य तडकलंय, आतून काहीतरी जाड होतंय.
पुढचा आकडा नऊ असेल.
बुंध्याला टेकून बसले, पाव काढला, टोमॅटो चिरला,
मीठ भुरभुरताना बरंचसं गवतावर गेलं.
हात तसाच हवेत राहिला.
चढणीवर आवाज नाही.
एक मुंगी आली, हुंगून निघून गेली.
मग मी आणखी थोडं सांडलं,
मुद्दाम.